बोरीच्या वावरात बोर नाही

गोहण्यांच्या चेतनने नोकरीला जाताना
पेनड्राइव्ह दिला, म्हणाला, सगळं आहे यात.
सगळं होतंच.
डबा-एक, डबा-दोन, नवा-डबा,
खरा-नवा-डबा,
आणि तळाशी एकटाच बसलेला
डबा-काढू-नको.

तीन दिवस मी तो काढला नाही.
चौथ्या दिवशी काढला,
आणि थ्रेशरचं भाडं पानावरून गेलं.
शेकापूरहून फोन:
‘मशीन इकली का तुमी?’

आमची अवजार बँक म्हणजे
वणेकाठच्या गावात, जुन्या कोंडवाड्यात,
एक थ्रेशर, दोन पेरणीयंत्रं, चार फवारणी पंप,
अठरा बायका, एक लॅपटॉप.
वेबसाइट बायकांनीच मागितली.
ऐन मळणीत फोनवर फोन,
आणि चंद्रकलाबाईंचे हात कोपरापर्यंत
तुरीच्या कुटारात.

मी नावं बदलायला बसले.
पहिली लाल-पट्टी,
‘आज यंत्र शिल्लक नाही’ सांगणारी.
कुणीतरी म्हणालं लाल रंग अंगावर येतो,
चेतनने ती निळी केली, नाव तेच ठेवलं.
म्हणजे फाइलमध्ये लिहिलेलं आहे:
लाल-पट्टी, रंग निळा.
डावा-खण मोबाइलवर खाली घसरतो,
तरी डावाच.

वहीत नियम लिहिला:
दिसण्यावरून नाव नको, कामावरून ठेवावं.
रंग बदलतो, जागा बदलते,
काम बदलत नाही.

चंद्रकला मडावी मागून वाचत होत्या.
‘हे नाव गिऱ्हाइकाले दिसते?’
नाही.
‘मंग कोनासाठी एवढं?’
माझ्यानंतर जो कोणी हे उघडेल.
‘तू कुठी चालली?’
कुठेच नाही. मीच समजा,
पुढच्या पोळ्यानंतरची.

त्या हसल्या.
‘आमच्या बोरीच्या वावरात बोर नाही.
माह्या सासूनं पाह्यली होती म्हनते.
तरी पोट्ट्याले सांगतलं,
बोरीच्या वावरात डबा घेऊन जाय,
तर तो बरोबर जाते.
तुह्या हिशेबानं काय म्हनावं त्याले?
सोयाबीनचं वावर?
मंग चन्याच्या टायमाले
म्या उपाशी राहू का?’

पेन तसंच उघडं राहिलं.
काम पण बदलतं, हे खरं.
वहीतली चौथी ओळ मी खोडली नाही,
तिच्यापुढे ‘सहसा’ घातलं.

मग मी त्यांना ड्रोनवाल्याची आठवण दिली.
त्यांनीच सांगितला होता किस्सा:
नवखा पोरगा, बोर शोधत
धुऱ्याधुऱ्यानं दोन चकरा मारल्या,
आणि कुणाच्यातरी बांधावर बाभूळ दिसली,
तिलाच बोर समजून
शेजाऱ्याच्या सोयाबीनवर फवारून गेला.
‘हाव,’ त्या म्हणाल्या.
‘त्याले कोनी सांगतलंच नाही.’

लाइन गेली. बॅटरी एकतीस टक्के.
लाल-पट्टी खोडून लिहिलं: शिल्लक-सूचना.
डावा-खण झाला यंत्र-यादी.
लिहिताना मोठ्यानं वाचत होते,
चंद्रकलाबाईंना दोन्ही लगेच कळली,
म्हणून ती राहिली.

डबा-काढू-नकोला तीन नावं दिली, तिन्ही पुसली.
त्यात थ्रेशरचं भाडं आहे,
चेतनच्या आजोबांच्या देणगीची एक ओळ आहे,
आणि एक रिकामा खण,
ज्याचं काम मला कळलं नाही.
कळलं नाही त्याला
काय म्हणून हाक मारू?

ते तसंच ठेवलं.
फक्त त्याच्या डोक्यावर,
पानावर कुणाला दिसत नाही अशी एक ओळ घातली:

हे काढलं तर भाडं जातं.
का, ते चेतनला माहीत.
त्याचा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर.
उचलत नाही.
पुन्हा करावा.